कूलर बंद करून ऐकलेले तीन हेडफोन

मे महिन्यातली पहाट, साडेचारचा सुमार. एका भजनाचं मिक्सिंग चाललं होतं. दुसऱ्या अंतऱ्याआधी बुवा श्वास घेतात, नेमका तिथे मागे कुठेतरी कोकीळ ओरडला. मागे नेऊन पुन्हा वाजवलं तर नाही. तिसऱ्यांदा वाजवलं तर ओळीच्या मधोमध. आधी तबला बंद करून पाहिला, मग पेटी, मग कोरस. दहा मिनिटं मी तो आवाज शोधत होते. शेवटी हेडफोन काढला, तर कोकीळ मागच्या अंगणातल्या कडुनिंबावर. हेडफोन कानावर असतानाही त्याचा आवाज जवळजवळ तेवढाच येत होता.

ओपन-बॅक हेडफोन म्हणजे हेच. ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, पाठीमागे बंद वाटी नसते, जाळी असते. पडद्याच्या मागच्या अंगाने निघालेला आवाज बाहेर निघून जातो, वाटीत आदळून पुन्हा कानाशी येत नाही. त्यामुळे गाणं कोंडल्यासारखं वाटत नाही, वाद्यांच्या मधली मोकळी जागा कळते. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा असा पहिला हेडफोन बाजारात आणला, पिवळ्या फोमच्या गाद्यांचा. तेव्हापासून युक्ती तीच आहे. पण जाळीतून आतलं बाहेर जातं तसं बाहेरचंही आत येतं. गायकाला रेकॉर्डिंगच्या वेळी मी ओपन-बॅक कधीच देत नाही, तालासाठी लावलेल्या क्लिकची टिकटिक सरळ माईकमध्ये उतरते. तिथे बंद हेडफोनच हवा.

नागपुरात या जाळीला आणखी एक अर्थ आहे. मार्चच्या शेवटी कूलर लागतो तो पाऊस येईपर्यंत. पंख्याची घरघर, पंपाचं पाणी ताट्यांवरून झिरपण्याचा आवाज, आणि खिडकीची थरथर. ही घरघर बरीचशी खालच्या सुरांत असते. ती चालू असताना डग्गा ऐकला की तो पातळ वाटतो, आणि हात आपसूक फेडरकडे, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीकडे, जातो. कूलर बंद केला की तोच डग्गा अंगावर येतो. म्हणून उन्हाळ्यात माझं ऐकण्याचं काम पहाटे साडेचार ते साडेसात. कूलर बंद, पंखा बंद, कानातले काढून टेबलावर. आठनंतर संपादन, फाइलींना नावं देणं, हिशेब, फोन. आवाजाबद्दलचा निर्णय आठनंतर घ्यायचा नाही, हा नियम मी पाळते. तीन हेडफोनची ही तुलनासुद्धा अशाच वीसएक पहाटांत झाली.

मी काय काम करते ते सांगते, कारण हेडफोन कामावरूनच ठरतो. त्रिमूर्तीनगरात घरातलीच एक खोली आहे, दहा फूट बाय अकरा फूट. भजनं, भीमगीतं, खंजेरीची भजनं, शाळांच्या स्नेहसंमेलनाची गाणी, अधूनमधून एखादं श्राव्य पुस्तक. स्पीकर आहेत, पण त्या खोलीच्या मापामुळे ५० ते ५७ हर्ट्झच्या दरम्यान दोन सूर भिंतींमध्ये अडकून फुगतात आणि त्यांची दुप्पट, म्हणजे १०० ते ११४ च्या आसपास, पुन्हा तोच प्रकार. डग्ग्याची घुमक नेमकी याच भागात असते. खुर्ची हातभर मागे सरकवली की डग्गा दुसराच. गाद्या लावल्या, कोपऱ्यात खनिज लोकरीचे पट्टे उभे केले, फरक पडला, पण एवढ्याशा खोलीत खालचा सूर पूर्ण आवरत नाही. हेडफोनला खोली नसते. म्हणून ओपन-बॅक.

तीन हेडफोन असे जमले. माझा स्वतःचा सेनहायझर एचडी ६००, जो १९९७ पासून बाजारात आहे. एका वादक मित्राचा बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, २५० ओहमचा, गुंडाळीच्या वायरचा. आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाचा एक प्लॅनर मॅग्नेटिक. प्लॅनरमध्ये नेहमीचा घुमटासारखा पडदा नसतो, पातळ सपाट पापुद्र्यावर विजेचा मार्ग छापलेला असतो आणि तो चुंबकांच्या मध्ये सगळा एकदम हलतो. चुंबकं जास्त, म्हणून वजनही जास्त. माझा एचडी ६०० साधारण २६० ग्रॅम, तो पावणेचारशेच्या घरात.

पहिल्या दिवशी तिन्ही एकापाठोपाठ लावले आणि मला बायर सगळ्यांत चांगला वाटला. पखवाजाची थाप, टाळांची किणकिण, सगळं झळाळून आलं. हे मत चुकीचं होतं आणि त्याचं कारण साधं होतं. एचडी ६०० ला एक व्होल्ट दिला तर तो ९७ डेसिबल देतो. बायरचा आकडा ९६ डेसिबल असा छापलेला असतो, पण तो एका मिलिवॅटला. २५० ओहमवर एक मिलिवॅट म्हणजे अर्धा व्होल्ट. हिशेब मांडला तर नॉब त्याच जागी असताना बायर पाचएक डेसिबलने मोठा वाजतो. आणि मोठा वाजणारा आवाज कानाला बहुतेक वेळा जास्त चांगला वाटतो, विशेषतः खालचे आणि वरचे सूर. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हेच मोजून दाखवलं होतं. आवाज लहान असला की मधले सूर कान नीट धरतो आणि दोन्ही टोकं त्याला कमी ऐकू येतात.

मग मी संत्रा बर्फीच्या खोक्याचं झाकण घेतलं, मधोमध माईक घट्ट बसेल एवढं भोक पाडलं आणि एका बाजूची गादी त्या पुठ्ठ्यावर टेकवली. पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या सप्तकांत सारख्या जोराचा खरखराट, लावला आणि तिन्ही हेडफोनसाठी नॉबची जागा शोधली, जिथे मीटरवर सारखा आकडा येईल. या पुठ्ठ्यावरून हेडफोनचा आलेख काढता येत नाही, कारण पुठ्ठ्याला कानाची पाळी नसते आणि कानाचं भोकही नसतं. पण तिघांना एका उंचीवर आणायला आणि डावं-उजवं सारखं आहे का ते पाहायला तो पुरतो. त्या तीन जागांवर मी तीन टिकल्या चिकटवल्या. एचडी ६०० ची लाल, बायरची हिरवी, प्लॅनरची काळी. लाल टिकली अजून तिथेच आहे. काम करताना नॉब टिकलीच्या पुढे जात नाही. यात कानांचीही काळजी आहे. दिवसाला आठ तास काम करणाऱ्यासाठी अमेरिकेतली नायॉश ही संस्था ८५ डेसिबलची मर्यादा सांगते, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायला सांगते. मी त्याच्या बऱ्याच खाली ऐकते. माझं पोट या कानांवर आहे.

उंची सारखी झाल्यावर खरी परीक्षा सुरू झाली, आणि ती मी माझ्याच रेकॉर्डिंगवर घेतली. जगभर गाजलेली, सुंदर मास्टर केलेली गाणी कुठल्याही बऱ्या हेडफोनवर सुंदरच वाजतात. त्यावरून मला काही कळत नाही. मला हवं होतं माझ्या खोलीत, माझ्या माईकवर घेतलेलं, अजून कच्चं असलेलं काहीतरी, ज्याचा मूळ आवाज मी समोर बसून ऐकलेला आहे.

पहिलं घेतलं गळा आणि पेटी. आपल्या भजनात पेटी गायकाच्या पाठीला पाठ लावून चालते, तोच सूर, तीच हरकत. हजार ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात पेटीच्या पट्ट्यांचे वरचे सूर दाट भरलेले असतात, आणि शब्द कळतात ते बरेचसे त्याच भागातून. तिथे किती कापायचं हा निर्णय सगळ्यांत नाजूक. एचडी ६०० वर मी पेटीतून अडीच हजारांच्या आसपास दोन डेसिबल काढले, शब्द पुढे आले, पेटी पेटीच राहिली. हेच काम बायरवर केलं तेव्हा मी गळ्यातले ‘स’ आणि ‘श’ दाबण्यात अर्धा तास घालवला. बायरचा आवाज आठ हजारांच्या आसपास मुद्दाम उचललेला आहे. ज्याला हे माहीत आहे आणि सवय आहे त्याच्यासाठी तो उत्तम भिंग आहे, तोंडाची चटचट, चुकलेला कट, टाळूचा आवाज तिथे लगेच सापडतो. पण त्यावर केलेलं मिक्स बाबांच्या फोनवर लावलं तर ‘शंकर’मधला श बोथट, गायक थोडा बोबडा. भिंग आणि आरसा यांतला हा फरक आहे. मला आरसा हवा होता.

दुसरा तबला. तबल्यावर थोडं थांबते. चंद्रशेखर वेंकट रामन १९१० च्या सुमारास आपल्या नागपुरात सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. त्यांनी पुढे १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासोबत ‘नेचर’मध्ये आपल्या चर्मवाद्यांबद्दल लिहिलं. साधं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्याचे वरचे सूर पटीत बसत नाहीत, म्हणून ढोल ‘धम्’ करतो पण त्याला नेमका सूर सांगता येत नाही. तबल्याच्या मधोमध शाई असते. शाईच्या वजनामुळे ते वरचे सूर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींच्या जवळ येतात, आणि तबला काळी एकला लावता येतो, तारेच्या वाद्यासारखा.

मला हेडफोनवर हेच ऐकायचं असतं. ‘तिं’ वाजल्यावर सूर किती वेळ टिकतो, आणि ‘ना’मध्ये चाटेची, म्हणजे काठाची, टणक कड जास्त आहे की लवेतून, म्हणजे काठ आणि शाई यांच्या मधल्या भागातून, उमटणारा सूर. मी एका ‘तिं’ला चार सेकंदांच्या तुकड्यात कापून फिरवत ठेवला. एचडी ६०० वर सूर शेवटपर्यंत ऐकू आला, विरताना किंचित खाली उतरतो तेही कळलं. बायरवर चाट एवढी चमकली की सूर तिच्या मागे गेला. प्लॅनरवर सुरुवातीचा टोला सगळ्यांत स्वच्छ, बोट कातड्यावर पडतं तो क्षण वेगळा काढून हातात दिल्यासारखा. डग्ग्यावर तर प्लॅनरला तोड नव्हती. वादक मनगट दाबून घुमक वर नेतो, ती घसरण तळापासून वरपर्यंत सलग ऐकू आली. एचडी ६०० शंभरच्या खाली हळूहळू उतरत जातो. ओपन-बॅकमध्ये हवा कोंडलेली नसल्यामुळे बहुतेक साध्या ड्रायव्हरांचं असंच होतं, आणि जाणकार हे आधीच सांगतात.

मलाही हे ठाऊक होतं, तरी दोन वर्षांपूर्वी मी एकदा फार वाईट चूक केली. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी एक भीमगीत हातात आलं. वेळ कमी होता. कीबोर्डवरचा बेस ४५ ते ५० हर्ट्झवर चालत होता. हेडफोनवर तो मला पातळ वाटला, मी चार डेसिबल वाढवला. मीटरवर दिसत होतं की खाली फार साचलंय, मी मीटरपेक्षा कानावर विश्वास ठेवला. गाणं गेलं. त्या दिवशी दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांच्या, गाण्यांच्या दुकानांतून मी चालत होते, आणि एका दुकानावर मोठ्या बॉक्सवर ते लागलं होतं. नुसती धडधड. संध्याकाळी गायकाचा फोन आला. रागावून नाही, हळू बोलला. “ताई, गाडीत लावलं तं नुसतं घुमून राहिलं. बाबासाहेबांचं नावच ऐकू नाही येऊन राहिलं.”

भीमगीतात शब्दच सगळं असतात. लोक ते नाव ऐकायला थांबतात, आणि माझ्या हातून ते नाव बेसखाली गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी फाइल दुरुस्त करून दिली, पण तो दिवस परत आला नाही. हेडफोनचा काही दोष नव्हता. त्याचा स्वभाव माहीत असून मी त्या जागी त्यालाच विचारलं.

यंदाच्या मे महिन्यात हीच जुनी फाइल मी तिन्हींवर पुन्हा उघडली. प्लॅनरवर पहिल्या दहा सेकंदांत हात बेसच्या फेडरवर गेला. बायरवर बेस जाणवला, पण किती जास्त ते सांगता आलं नाही. एचडी ६०० वर, आता सगळं माहीत असूनही, मला तो फक्त ‘भरलेला’ वाटला. ही परीक्षा माझ्यासाठी सगळ्यांत मोलाची ठरली. ओपन-बॅक घेताना तुमचीच एक फसलेली फाइल सोबत न्या, जिची चूक तुम्हाला बाहेरून कळली होती, आणि कुठला हेडफोन ती दाखवतो ते पाहा.

हेडफोनच्या पिनेचंही थोडं सांगते, कारण इथे अनेकांचे पैसे वाया जातात. एचडी ६०० तीनशे ओहमचा म्हणतात, पण शंभर हर्ट्झच्या आसपास त्याचा विजेला होणारा अडथळा पाचशेच्या पुढे जातो. जुन्या मिक्सरच्या हेडफोन जॅकचा स्वतःचा अडथळा शंभर ओहम असेल तर तिथे बेस सुमारे एक डेसिबलने वर येतो. म्हणजे तोच हेडफोन दोन यंत्रांवर दोन स्वभावांचा. प्लॅनरला हे लागत नाही, त्याचा अडथळा सगळीकडे जवळपास सपाट असतो. लॅपटॉपच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या इंटरफेसवर, म्हणजे माईक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवर, एचडी ६०० शांत भजनाला पुरतो, ढोलताशा घेतला तर शिखरं कापली जातात. माझ्याकडे आता वेगळा अ‍ॅम्प आहे. हेडफोनवर सगळे पैसे घालवण्याआधी इंटरफेसचे आकडे वाचा.

आणि रुंदी. स्पीकरवर डावीकडचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, मिलिसेकंदाच्या पाव भागाने उशिरा आणि डोक्याच्या आडोशाने वरचे सूर थोडे गमावून. हेडफोनवर डावा आवाज फक्त डाव्या कानात. दोन टाळ पूर्ण डावीकडे-उजवीकडे ठेवले तर हेडफोनवर ते कानात टोचतात. टोचतात म्हणून आत ओढले, तर स्पीकरवर सगळं बुवांच्या तोंडाजवळ गोळा होतं. ओपन-बॅकवर हे टोचणं कमी असतं, जात नाही. एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानात सोडणारा क्रॉसफीडचा प्लगइन लावून मी पॅनचा, म्हणजे काय डावीकडे आणि काय उजवीकडे याचा, निर्णय घेते, मग काढून टाकते. रिव्हर्बही, म्हणजे गाण्याला वरून दिलेला खोलीचा घुमार, तसाच. खोलीचा स्वतःचा नाद नसल्यामुळे हेडफोनवर शेपूट फार स्पष्ट ऐकू येतं, आणि माझ्याकडून रिव्हर्ब नेहमी कमी पडायचा. आता हेडफोनवर बरोबर वाटला की स्पीकरवर मोनो करून एकदा ऐकते, आणि बहुतेक वेळा एखादा डेसिबल वाढवते.

करेक्शनच्या प्लगइनबद्दल ताई काय म्हणतात, असं शिकणारी मुलं विचारतात. हार्मन या ध्वनियंत्रांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना काय आवडतं ते मोजून जी रेषा काढली, तिच्याकडे हेडफोन ओढण्याचा तो प्रयत्न असतो. मी फक्त खालच्या बाजूला थोडा उचल देते, तेही मिक्स संपत आल्यावर. पूर्ण करेक्शन लावून महिनाभर काम केलं, पण माझा कान हेडफोनच्या मूळ आवाजाशी जुळलेला होता, दोन्हीकडे बिघडायला लागलं. आणि लावलाच तर एक्सपोर्टच्या वेळी तो बंद आहे ना, हे दोनदा पाहा.

मास्टरिंग, म्हणजे गाण्यावरचा शेवटचा हात, मी क्वचितच फक्त हेडफोनवर करते. स्पॉटिफाय, यूट्यूबवर आवाज -१४ लफ्सच्या (गाणं एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास आणून ठेवतात, त्यामुळे ठोकून मोठं करण्यात आता तसा फायदा नाही, आणि शिखरं दाबणारा लिमिटर दम घेतो तेव्हाचा धाप लागल्यासारखा आवाज ओपन-बॅकवर स्पीकरपेक्षा आधी कळतो. फेडचा शेवट, तानपुऱ्याचं विरणं, मधला एखादा ‘टिक्’ हे हेडफोनचं काम. ६० हर्ट्झच्या खालचं काहीही मी एचडी ६०० वर ठरवत नाही. तिथे मीटर, प्लॅनर आणि गाडी.

वजनाचा मुद्दा राहिला होता. तीन तासांनी पावणेचारशे ग्रॅम मानेला कळतात, आणि मे महिन्यात मखमली गाद्यांत घाम मुरतो. गादी दबली की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाज बदलतो, इतका हळूहळू की रोज ऐकणाऱ्याला कळत नाही. एचडी ६०० च्या गाद्या मी यंदा बदलल्या. जुन्या आणि नव्या त्याच पुठ्ठ्यावर ठेवून पाहिल्या, हाताला उंचीतला फरक लागला, कानाला वरच्या सुरांतला. गाद्या, वायर, पट्टी सुटी मिळते, हे मी त्याच्याकडे राहण्याचं मोठं कारण आहे.

तर बायर मित्राकडे परत गेला. प्लॅनर मुलाने दर गुरुवारी आणायचं कबूल केलं आहे, आणि तोवर मी तसाच एक जुना पाहते आहे. रोजचं काम एचडी ६०० वर, शेवटचा तास प्लॅनरवर.

त्याच गायकाचं नवं गीत या आठवड्यात हाती आहे. बेस या वेळी ढोलकीला वाट देऊन चालतो, नाव जिथे येतं त्या ओळीत मी त्याला दीड डेसिबल खाली घेतलं आहे. काल पहाटे लाल टिकलीवर ऐकलं, मग काळ्या टिकलीवर. फाइल त्याला पाठवली आहे. रविवारी तो काटोल रोडने गावी जाणार, गाडीत लावून फोन करतो म्हणाला.